पाळण्याच्या रेकॉर्डमधली रिकामी जागा

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीला "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असं लिहितो, आणि ते वाचून मी दरवेळी मनात म्हणत आलेय — नव्हता ना, मग आता कशाला ठेवलास बाबा? आज मीच ते वाक्य लिहायला बसलेय. करणार काय... मी सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अमावस्येला नवी साडी नेसते, मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्किट घालते. वर्गातल्या पोरी भानामतीच्या गोष्टी रंगवून सांगायला लागल्या की मी त्यांची इतकी टर उडवते की आता त्या मला बघूनच गप्प होतात. भूत-बित मला आजही मान्य नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते मी एकटीनं ऐकलेलं नाही.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, लाउडस्पीकरवाले. नवी पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. लग्न असो, बारसं असो, गणपती असो की उरूस असो, कर्णे बांधायला अप्पा आणि रशीदमामा. रशीदमामा त्यांचे भागीदार. नात्याचे कुणी नव्हेत, पण सख्ख्या मामानं केले नसतील एवढे लाड त्यांनी माझे केले. पुढे कॅसेट आली, सीडी आली, मग डीजे आला आणि दुकान बंद झालं. अप्पांनी कर्णे विकले, अँप्लिफायर विकले, पण रेकॉर्डी काही विकल्या नाहीत. ते गेल्यावर पत्र्याच्या ट्रंका भरून त्या सगळ्या माझ्याकडे, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्या. मी त्यांची एकुलती एक लेक. वारसा म्हणाल तर हाच.

त्यातली एक रेकॉर्ड मात्र वेगळी. मोठी, लाँग प्ले. कुठल्याच कंपनीचं नाव नाही. साधं खाकी कागदाचं पाकीट, आत पांढरं लेबल, त्यावर एका बाजूला 'डोहाळे' आणि दुसऱ्या बाजूला 'पाळणा' एवढंच छापलेलं. गाणाऱ्या बाईचंही नाव नाही. अप्पा सांगायचे, कुणा हौशी व्यापाऱ्यानं नातवंडाच्या बारशासाठी मुद्दाम करवून घेतली आणि आपल्या माणसांत वाटली. त्यातलीच एक फिरत फिरत अप्पांकडे आली.

पाळण्याच्या बाजूची एक गंमत होती. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तर ही रेकॉर्ड त्याच बेतानं केलेली. बाई कडवी म्हणत म्हणत नावापर्यंत येते आणि थांबते. मग नुसती खरखर. तेवढ्या वेळात इकडे आत्यानं वाकायचं आणि नाव सांगायचं. ते झालं की रेकॉर्डमधल्या बायका हसतात, धपाट्यांचा आवाज येतो, आणि पाळणा पुढे सुरू होतो. म्हणजे गाण्यात नावापुरती जागा सोडलेली. ज्याचं बाळ, त्यानं ती भरायची. एकेकाळी अप्पांच्या या रेकॉर्डला फार मागणी होती.

पण अप्पांचा एक दंडक होता. पाळण्यात बाळ असल्याशिवाय ती बाजू वाजवायची नाही. दुकानात आवाज तपासायला म्हणून लावली तरी नावाची जागा यायच्या आत ते सुई उचलायचे. लहानपणी मी एकदा "पुढं काय आहे, ऐकू द्या की" म्हणून हट्ट धरला होता. अप्पा चिडणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. "ब्याडव्वा," ते म्हणाले. कानडीत 'नको गं'. रागावले की ते मराठीत बोलायचे, घाबरले की कानडीत, हे मला फार उशिरा कळलं. मला तेव्हा एवढंच वाटलं की रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी स्नेहल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई अक्षय पुण्याला नोकरीत, तो सुट्टीला ये-जा करायचा. स्नेहलला आठवा संपत आलेला. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला होता, आणि सोलापूरच्या उन्हात बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. पोरगी कंटाळली. तिनंच ट्रंका उघडल्या. रशीदमामांनी अप्पांचा जुना रेकॉर्ड प्लेयर कधीच दुरुस्त करून दिला होता, तो तिनं दिवाणखान्यात मांडला आणि रोज दुपारी एकेक रेकॉर्ड लावून फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकायला लागली.

खाकी पाकिटाचा फोटो टाकला आणि पुण्याच्या एका गृहस्थाचा लगेच फोन. त्यांना विश्वासच बसेना. ही रेकॉर्ड आहे असं नुसतं ऐकून होते म्हणे, डोळ्यांनी बघितलेला माणूस त्यांना भेटला नव्हता. "ताई, मला ती नको, तुमच्या वडिलांची आहे, तुमच्याकडेच राहू दे. फक्त दोन्ही बाजू मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. अख्खी. मधे कुठे तोडू नका." एवढं अजिजीनं बोलले की नाही म्हणवेना.

दुपारची वेळ. आमचे 'हे' ऑफिसात. स्नेहल दिवाणवर उशांना टेकून बसलेली. रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको म्हणून मी कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. घामानं नुसत्या निथळत होतो, पण पोरीला गंमत वाटत होती. डोहाळ्यांची बाजू झाली. काय गोड गळा त्या बाईचा! कुठेही नखरा नाही, घरच्या बाईनं काम करता करता म्हणावं तसं. स्नेहल पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, हे ऐकतंय बघ. लई उड्या मारतंय."

मी रेकॉर्ड उलटली. अप्पांचा दंडक आठवला का? आठवला. खोटं कशाला बोलू. पण मनात म्हटलं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची माणसं, त्यांचे समज. आणि मधे तोडू नका असं ते गृहस्थ म्हणालेत. विषाची परीक्षा कशाला घ्यायची म्हणतात ना, ती मी घेतली. पाळणा तर घरात नव्हताच. बाळ यायच्या आधी पाळणा आणत नाहीत आमच्यात.

बाई गात गात नावापाशी आली आणि थांबली. खरखर सुरू झाली. मी मोबाइल स्पीकरजवळ धरून उभी.

आणि मग आवाज आला. "कुर्रर्र..." आणि पाठोपाठ एक नाव.

तो आवाज स्पीकरमधून आला नाही. माझा कान स्पीकरच्या शेजारीच होता, मला कळत नाही का? आवाज माझ्या पाठीमागून, दिवाणच्या बाजूनं आला. वयस्क बाईचा. कानात सांगतात तसा हळू, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. आणि त्यात काही भयानक नव्हतं हो, हेच तर भयानक होतं. कौतुकानं बोलावं तसं बोललं कुणीतरी.

"आई गं!" स्नेहल किंचाळली. मी वळले. ती दोन्ही हातांनी पोट झाकून भिंतीला चिकटली होती. त्याच वेळी रेकॉर्डमधल्या बायका खदखदून हसल्या आणि धपाटे वाजायला लागले. लहानपणी कितीतरी बारशांत मी ते हसणं ऐकलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या बायका कुणाच्या पाठीत धपाटे घालतायत? मी सुई उचलली. खरं सांगायचं तर ओढली. रेकॉर्डवर मोठा चरा गेला.

"आई, पंखा बंद आहे ना गं?" स्नेहलनं विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"बंद आहे."

"माझ्या पोटाशी कुणीतरी वाकलं होतं. गार वारं लागलं मला. इथं."

माझ्यातली विज्ञानाची बाई अजून जिवंत होती. मी म्हटलं, तुला काय ऐकू आलं ते आधी तू सांग, मी काही सांगत नाही. तिनं नाव सांगितलं. मला ऐकू आलेलं तेच. मुलीचं नाव, जुन्या वळणाचं. आमच्या घरात नाही, तिच्या सासरी नाही, ओळखीतही कुणाचं नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तुम्ही वाचताना ते मनातल्या मनात उच्चाराल, आणि तेवढंही मला नको आहे.

मी तिला पाणी दिलं, शेजारचा टीव्ही असेल म्हटलं, जुन्या स्पीकरमध्ये कधी कधी रेडिओ घुसतो म्हटलं. ती ऐकत नव्हतीच. पोटावरचा हात इकडून तिकडे फिरवत होती. मग म्हणाली, "आई... नाव ऐकल्यावर एकदा जोरात लाथ मारली. त्यानंतर हललंच नाही."

मी तिला गोड खायला दिलं, डाव्या कुशीवर निजवलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं केलं. नाहीच. एवढा वेळ उड्या मारणारं पोर एकदम गप्प. मी ह्यांना फोन केला. ते आले आणि आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. रस्त्यात स्नेहल माझा हात पिळत होती. मी देवाचं नाव घेतलं, हेही कबूल करते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ठोके लागत होते, पण मधेच पडत होते. नाळेचा वेढा बसला होता आणि त्यात गाठ. लगेच ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. इतकीशी... माझ्या दोन तळव्यांत मावेल अशी. काचेच्या पेटीत ठेवली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "फार वेळेवर आणलंत. कितीतरी बायका वाट बघत बसतात, झोपलं असेल म्हणून. तुम्हाला शंका आली तरी कशी?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "स्नेहलला वाटलं तसं."

तेव्हापासून हे कोडं माझ्या डोक्यात आहे. ते जे काही वाकलं होतं, त्यानं पोरीला धोका दाखवला की त्यानंच तो आणला? गाठ तर आधीपासून असणार, एका क्षणात पडत नाही, एवढं मलाही कळतं. मग आभार मानायचे की घाबरायचं? मी घाबरले. अजून घाबरतेय.

पेटीतलं पोर धोक्याबाहेर आल्यावर मी घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. ह्यांनाही बसवलं. पाळणा ऐकू आला, बाई थांबली, खरखर. कान देऊन ऐकलं. खरखरीशिवाय काही नाही. कुर्रर्र नाही, नाव नाही. आणि मग त्या शांततेत एकदम स्नेहलची किंकाळी — "आई गं!" जिच्या आधी काहीच नाही अशी. हे म्हणाले, "यात तर काहीच नाही की." बोलले खरं, पण परत लावू दिलं नाही. पुण्याच्या गृहस्थांना मी रेकॉर्ड खराब झाली असं कळवलं, आणि चरा गेल्यामुळे ते खोटंही नव्हतं.

मी रशीदमामांकडे गेले. आता ते थकलेत, ऐकायला कमी येतं. सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"बेटी, वो बाजू खाली पालने में नक्को बजाना बोलके अप्पा कित्ते बार बोले थे तेरेकू!"

"पण का, मामा? तुम्हाला माहीत असेल ना?"

"मेरेकू नई मालूम. सच्ची बोलतूं." मग त्यांनी सांगितलं. पूर्वी अप्पाही असं काही मानत नव्हते. मोहोळला एका बारशाचं काम होतं. पाळणा सजवलेला, पण बाळ अजून आत, आईजवळ. अप्पांनी आवाज तपासायला म्हणून ती बाजू लावली. रशीदमामा बाहेर वायर गुंडाळत होते. ते आत आले तेव्हा अप्पा रिकाम्या पाळण्याकडे बघत उभे होते आणि पाळणा हलत होता. "मैंने पूछा, क्या हुआ? कुछ नई बोले. हाथ पकडा तो बरफ जैसा." त्यानंतर अप्पांनी आयुष्यभर त्या जागेआधी सुई उचलली, आणि मामांनी आयुष्यभर विचारलं नाही.

"त्या बाळाचं काय झालं?"

"कैसे मालूम, बेटी? सामान बांधे, वापस आये. फिर मोहोळ का काम अप्पा कभी लिएच नई."

मी विचारलं, रेकॉर्ड फोडून टाकू का? मामांनी दोन्ही हात कानांना लावले. "तोडना नक्को. फेकना बी नक्को. किसी और के हात लगी तो?" म्हणून ती अजून आमच्याकडे आहे, माळ्यावर, फडक्यात बांधून. प्लेयर तेवढा देऊन टाकला.

बाळ घरी आलं त्या दिवशी स्नेहलनं मला खोलीत बोलावलं, दार लावलं. "आई, ते नाव आपल्या घरात कुणी घ्यायचं नाही. कधीच. शपथ घे." मी म्हटलं, कशाला एवढं... तर म्हणाली, "माझ्या मुलीचं नाव मी ठेवणार. दुसऱ्या कुणी नाही." तिचे डोळे बघून मी शपथ घेतली. बारसं झालं. अक्षयची बहीण वाकली आणि तिनं कानात नाव सांगितलं, ईरा. स्नेहलनं तिला ते परत सांगायला लावलं, आणि मग सगळ्या बायकांना एकेक करून वाकायला लावलं. हसण्यावारी गेलं ते. बाळाच्या आईची हौस म्हणून. मला मात्र ती दारं-खिडक्या लावून घेत असल्यासारखी वाटत होती.

ईरा छान वाढली. बाळसं धरलं, दूध पिऊन झोपली की ओठ मुडपून हसायची. पण सहा महिने उलटले तरी नावाला वळेना. ईरा म्हणा, ईरू म्हणा, टाळ्या वाजवून म्हणा. पोर आपल्याच नादात. कुकरच्या शिट्टीला दचकायची, चमच्याच्या आवाजाला मान वळवायची, खाली कुत्रं भुंकलं तर खिडकीकडे बघायची. पुण्यात कान तपासले. चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा वळतात, घाई करू नका. स्नेहल फोनवर हे सांगायची. दोघींच्याही मनात एकच प्रयोग होता. तो करायची माझी छाती झाली नाही.

मागच्या महिन्यात ती ईराला घेऊन आठवडाभर राहायला आली. दुपारी मी पोरीसाठी मऊ भात कालवून वाटी घेऊन खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत स्नेहल पाठमोरी, मांडीवर ईरा. आणि स्नेहल अगदी हळू, लाडानं, तिला हाक मारत होती. त्या नावानं. पोरगी खळखळून हसत होती, आईच्या तोंडाला हात लावत होती. स्नेहल पुन्हा नाव घेई, ती पुन्हा हसे.

माझ्या हातातला चमचा वाटीवर वाजला तशी स्नेहलनं वळून बघितलं. मला वाटलं आता ओशाळेल, चिडेल. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ती दुसऱ्या कशाला बघतच नाही गं, आई," ती म्हणाली. "मी आई आहे तिची. तिनं माझ्याकडं बघायला नको का?"

मी शेजारी बसले आणि भात भरवला.

मी याचा उलगडा करायचा प्रयत्न सोडलेला नाही. पोटातलं मूल आवाज ओळखतं, हे विज्ञान सांगतं. किंचाळण्याआधी ऐकलेला तो शेवटचा शब्द तिच्या डोक्यात बसला असेल, असं मी स्वतःला समजावते. पण मग तो शब्द बोललं कोण, आणि मोबाइलमध्ये तो का नाही? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, टर उडवलीत तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी स्नेहललाही सांगितलेली नाही. त्या आठवड्यात मी नीट लक्ष ठेवून होते. स्नेहल त्या नावानं हाक मारते तेव्हा ईरा सुरुवातीला तिच्याकडे बघत नाही. ती आधी आईच्या खांद्यावरून मागे बघते, थोडं वर, एखादं मोठं माणूस उभं असावं तेवढ्या उंचीवर. तिथे क्षणभर शोधते. कुणी दिसत नाही, मग आईकडे बघून हसते. आणि शेवटच्या दिवशी, निघायच्या आधी, तिनं आईकडे बघितलंच नाही. तिकडेच बघून हसली.